आरंभाचा पुरावा

ज्याला आरंभ होतो, त्याला कारण असते. विश्वाला आरंभ झाला आहे. म्हणून विश्वाला कारण आहे.

युक्तिवाद एवढाच. तीन वाक्ये, त्यातले तिसरे पहिल्या दोहोंतून आपसूक निघणारे. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम लेन क्रेग यांनी १९७९ साली ‘द कलाम कॉस्मॉलॉजिकल आर्ग्युमेंट’ या पुस्तकात तो आजच्या रूपात मांडला आणि तेव्हापासून विद्यापीठांतल्या जाहीर वादसभांत, चर्चच्या अभ्यासवर्गांत, तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांत या तीन वाक्यांचा कीस पाडला जातो आहे. क्रेग इव्हँजेलिकल पंथाचे प्रोटेस्टंट. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात केलेल्या डॉक्टरेटमधून त्यांचे हे पुस्तक निघाले. पण पुस्तकाच्या नावातला ‘कलाम’ म्हणजे इस्लामी धर्ममीमांसेची परंपरा. ख्रिस्ती श्रद्धेची बाजू मांडणाऱ्या पुस्तकाच्या माथ्यावर मुस्लिम परंपरेचे नाव कसे आले, हे समजून घ्यायचे तर क्रेग यांच्या आधीची चौदाशे वर्षे चाळावी लागतात. ती चाळताना एक गोष्ट वारंवार समोर येते. या युक्तिवादाला सर्वांत मार्मिक आक्षेप नास्तिकांनी घेतलेले नाहीत. ते घेतले श्रद्धावंतांनीच.

सुरुवात सहाव्या शतकातल्या अलेक्झांड्रियात होते. त्या शहरात योआनेस फिलोपोनस नावाचा ख्रिस्ती विद्वान ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्ये लिहीत असे. ग्रीक तत्त्वज्ञांचे, विशेषतः ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचे, ठाम मत होते की जग अनादी आहे. ग्रहगोल कायम फिरत आले आहेत आणि फिरत राहतील. बायबलचे पहिलेच वाक्य याच्या उलट सांगते. इसवी सन ५२९ मध्ये फिलोपोनसने प्रोक्लस या तत्त्वज्ञाच्या विरोधात एक ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी सम्राट जस्टिनियनने अथेन्समधल्या अख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या अध्यापनावर बंदी आणली होती. म्हणजे वारे फिलोपोनसच्या बाजूचे होते. तरी त्याने बायबलचा दाखला देऊन विषय मिटवला नाही. त्याने ॲरिस्टॉटललाच ॲरिस्टॉटलच्या विरोधात उभे केले.

ॲरिस्टॉटल म्हणत असे की प्रत्यक्षात पूर्ण झालेले अनंत असू शकत नाही; संख्या वाढत जाऊ शकते, पण ‘अनंत गोष्टी झाल्या’ असे कधी म्हणता येत नाही. फिलोपोनसने विचारले, मग जग अनादी असेल तर आजवर होऊन गेलेले दिवस किती? अनंत. ते संपून आजचा दिवस उजाडला कसा? दुसरा प्रश्न आणखी खोचक होता. शनीला एक फेरी पूर्ण करायला साधारण तीस वर्षे लागतात, सूर्याला एक वर्ष (पृथ्वीभोवती सूर्य फिरतो, हा तेव्हाचा समज). शनीच्या आजवरच्या फेऱ्या अनंत असतील तर सूर्याच्या त्याच्या तीसपट, चंद्राच्या तीनशे साठपट. एका अनंताहून दुसरे अनंत तीसपट मोठे, हे काय गौडबंगाल आहे?

फिलोपोनसच्या या लिखाणाची पुढची गत मजेशीर आहे. ॲरिस्टॉटलवरचा त्याचा मुख्य हल्ला ज्या ग्रंथात होता, तो मूळ रूपात आज उपलब्ध नाही. सिंप्लिकियस नावाच्या अख्रिस्ती प्रतिस्पर्ध्याने त्याचे खंडन करण्यासाठी लांबलचक उतारे दिले, म्हणून तो आपल्याला कळतो. आणि चर्चने तरी त्याला डोक्यावर घ्यावे? त्रैक्याच्या सिद्धांतात तो तीन देव मानतो, असा ठपका ठेवून त्याच्या मृत्यूनंतर शंभरएक वर्षांनी त्याला पाखंडी ठरवण्यात आले. साहजिकच ख्रिस्ती जगात त्याचे नाव मागे पडले. त्याचे युक्तिवाद मात्र अरबीत उतरले आणि बगदादला पोहोचले.

नवव्या शतकात तत्त्वज्ञ अल-किंदीने ते उचलले. दहाव्या शतकात बगदादमधल्या ज्यू विद्यापीठाचे प्रमुख सादिया गाओन यांनी तेच मुद्दे तोरातल्या सृष्टिकथेच्या समर्थनासाठी वापरले. आणि अकराव्या शतकाच्या अखेरीस अबू हामिद अल-गझालीने ‘तहाफुत अल-फलासिफा’, म्हणजे तत्त्वज्ञांची विसंगती, हा ग्रंथ लिहिला. गझाली बगदादच्या निजामिया मदरशातला नावाजलेला अध्यापक. त्याने शनी आणि सूर्य यांचा तोच दाखला घेऊन वर आणखी एक प्रश्न जोडला: या अनंत फेऱ्यांची संख्या सम की विषम? सम म्हणाल तर एक मिळवल्यावर विषम होईल. पण अनंतात एकाची उणीव ती कसली?

गझालीची खरी चमक मात्र दुसऱ्याच एका मुद्द्यात दिसते. तत्त्वज्ञांचा त्याला आक्षेप असा होता: ईश्वर अनादी आहे आणि तो जगाचे कारण आहे, तर जगही अनादीच हवे. कारण पूर्ण असताना कार्य अडून का राहील? हजारो युगे थांबून अमुक एका क्षणीच जग निर्माण करायचे ईश्वराला काय कारण? गझाली उत्तर देतो की कारण यांत्रिक असेल तर ही अडचण खरीच आहे. पण कारण जर इच्छा असलेला कर्ता असेल, तर ती उरत नाही. भुकेल्या माणसापुढे अगदी सारखे दोन खजूर ठेवा. एकाला सोडून दुसरा उचलायला काहीच कारण नाही, तरी माणूस उपाशी बसून राहत नाही, एक उचलतो. सारख्या पर्यायांतून एक निवडणे, यालाच तर इच्छा म्हणतात. म्हणजे जगाला आरंभ आहे एवढे मान्य झाले की आरंभामागे नियम नाही, कोणीतरी इच्छा करणारा आहे, असे गझालीला म्हणता येते. क्रेग आज याच वाटेने ‘कारण’ या शब्दापासून ‘ईश्वर’ या शब्दापर्यंत जातात, आणि हे ऋण ते पुस्तकाच्या नावातच मान्य करतात.

गझालीला उत्तर द्यायला पुढच्या शतकात अंदलूसियात, म्हणजे मुस्लिम स्पेनमध्ये, तत्त्वज्ञ इब्न रुश्द उभा राहिला. त्याच्या ग्रंथाचे नावच ‘विसंगतीची विसंगती’. इब्न रुश्दची ॲरिस्टॉटलवरची भाष्ये लॅटिनमध्ये आली आणि तेराव्या शतकातल्या पॅरिस विद्यापीठात अनादी जगाचा वाद पुन्हा पेटला. आता वादाचे दोन्ही पक्ष ख्रिस्ती होते. फ्रान्सिस्कन संघाचा बोनाव्हेंचर फिलोपोनसच्या बाजूचा: अनंत भूतकाळ ही कल्पनाच तर्काला सोडून आहे, तेव्हा जगाचा आरंभ तर्काने सिद्ध होतो. डोमिनिकन संघाचा थॉमस अक्वायनस त्याच्या विरोधात गेला.

अक्वायनसचा जगाच्या आरंभावर विश्वास नव्हता असे नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने तो श्रद्धेचा भाग ठरवला होता आणि अक्वायनस ते मानत होता. पण ही गोष्ट तर्काने सिद्ध करता येत नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले. अनंत दिवस ओलांडून आजचा दिवस कसा आला, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे: ओलांडणे म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे. भूतकाळातला कोणताही दिवस निवडा. त्या दिवसापासून आजपर्यंतचे दिवस मोजता येण्याजोगेच असतील. अनादी काळाला पहिला दिवसच नसतो, मग ‘पहिल्या दिवसापासून इथवर पोहोचलो कसे’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारायचा? त्याने पुढे एक सावधगिरीची सूचनाही दिली आहे. श्रद्धेच्या गोष्टींना कच्चे पुरावे जोडू नयेत. आपण असल्या पुराव्यांवर विश्वास ठेवतो असे वाटून अश्रद्ध लोक हसतील.

मग अक्वायनस ईश्वर सिद्ध कसा करतो? त्याच्या प्रसिद्ध पाच मार्गांतला एकही मार्ग जगाला पहिला क्षण होता असे गृहीत धरत नाही. हाताने काठी हलते, काठीने दगड हलतो. इथे हात, काठी, दगड एकाच वेळी हलताहेत; हात थांबला की सगळे थांबेल. जग या अर्थाने आत्ता, या घटकेला कशावर तरी टेकलेले आहे, असे त्याचे म्हणणे. ते अनादी काळापासून टेकलेले असले तरी टेकू लागतोच. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने १६९७ मध्ये हाच मुद्दा एका पुस्तकाच्या दाखल्याने मांडला. भूमितीचे एक पुस्तक अनादी काळापासून आहे आणि प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीवरून उतरवलेली आहे, असे समजा. कोणत्याही एका प्रतीचे कारण सांगता येईल. पण मुळात हे पुस्तक का आहे, याचे उत्तर प्रती कितीही मागे मोजत गेलो तरी मिळणार नाही.

आपल्याकडच्या वाचकाला पहिल्या क्षणावाचून चालणारा हा मार्ग जास्त ओळखीचा वाटेल. न्यायदर्शनाने, विशेषतः उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’ने, ईश्वरसिद्धीसाठी जो प्रसिद्ध हेतू दिला तो कार्यत्वाचा: पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टी कार्य आहेत, म्हणून त्यांना कर्ता आहे, घटाला कुंभार असतो तसा. ‘ज्याला आरंभ होतो त्याला कारण असते’ हे क्रेग यांचे पहिले वाक्य त्यात जवळपास जसेच्या तसे आहे. पण न्यायवाद्यांना विश्वाचा पहिला क्षण लागत नाही. त्यांच्या मते परमाणू नित्य, जीव नित्य, सृष्टी आणि प्रलय यांची मालिका अनादी. ईश्वर परमाणूंची जुळणी करतो. शून्यातून परमाणू काढत नाही. मीमांसकांनी तर जगाची उत्पत्तीच नाकारली, आणि बौद्ध व जैन तार्किकांनी कुंभाराच्या दृष्टांतावर अनेक शतके हल्ले केले: कुंभाराला शरीर असते, तुमच्या ईश्वराला आहे का?

या दोन जगांची गाठ एकोणिसाव्या शतकात एका मराठी माणसाच्या आयुष्यात पडली. कोकणातून उत्तरेत जाऊन काशीत स्थिरावलेल्या चित्पावन घराण्यातले नीलकंठशास्त्री गोरे हे संस्कृत शास्त्रांत मुरलेले पंडित. ख्रिस्ती मिशनऱ्यांशी वाद घालायला ते गेले आणि १८४८ साली त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. पुढे ते नेहेम्या गोरे या नावाने ओळखले गेले. ‘षड्दर्शनदर्पण’ या हिंदी ग्रंथात त्यांनी सहा दर्शनांची परीक्षा केली. परमाणू आणि जीव ईश्वराइतकेच अनादी मानले, तर ईश्वर सर्वांचा निर्माता राहतो कुठे, हा त्यांच्या खंडनाचा एक कणा होता. फिलोपोनसने ग्रीकांशी जो वाद घातला त्याचेच हे भारतीय रूप, आणि वाद घालणारा न्यायाच्या परिभाषेत वाढलेला. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या काळात गोऱ्यांच्या लेखनाचा त्यांच्यावर प्रभाव होता, एवढे आपल्या इतिहासात बहुधा नोंदले जाते; तार्किक म्हणून त्यांना मिळायला हवी होती तेवढी दाद मराठीत मिळालेली नाही.

इथपर्यंतचा सगळा वाद खोलीत बसून करण्याजोगा होता. विसाव्या शतकात त्यात दुर्बीण आली.

१९१७ साली आइन्स्टाइनने व्यापक सापेक्षता सिद्धांत अख्ख्या विश्वाला लावला, तेव्हा विश्व स्थिर आहे हे त्याने गृहीत धरले होते. १९२२ मध्ये रशियन गणिती अलेक्झांडर फ्रिडमनने दाखवले की त्याच समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्वही निघते. १९२७ मध्ये बेल्जियममधल्या जॉर्ज लमेत्र यांनी तेच स्वतंत्रपणे दाखवले आणि दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर जाताना दिसतात त्या निरीक्षणाशी त्याचा मेळ घातला. १९२९ मध्ये एडविन हबलची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. १९३१ मध्ये लमेत्र आणखी एक पाऊल मागे गेले. प्रसरणाची फीत उलटी फिरवली तर सगळे विश्व एका ‘आदिम अणू’त सामावेल, असे त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकातल्या एका छोट्याशा पत्रात सुचवले. आज ज्याला आपण महास्फोट म्हणतो त्या कल्पनेचे हे पहिले रूप.

लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होते. १९२३ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली होती आणि लूव्हँ विद्यापीठात ते पांढरी कॉलर लावूनच शिकवत. त्यामुळे अनेकांना वाटे की या पाद्रीबाबाने बायबलचा पहिला अध्याय समीकरणांत घुसवला आहे. वस्तुस्थिती उलटी होती. १९३१ च्या त्या पत्राच्या टंकलिखित प्रतीत शेवटी एक परिच्छेद होता: ईश्वर स्वभावतः गुप्त आहे, आणि आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा टाकते याचे श्रद्धावंताला समाधानच वाटावे, अशा आशयाचा. पत्र छापायला पाठवण्यापूर्वी तो परिच्छेद खोडला गेला. तो छापला गेला असता तरी त्यातून विज्ञानाने ईश्वर सिद्ध झाल्याचा दावा निघत नव्हता. लमेत्र यांचा ईश्वर पडद्याआड होता.

पोप बारावे पायस यांचा कल वेगळा होता. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पाँटिफिकल विज्ञान अकादमीपुढे केलेल्या भाषणात त्यांनी नव्या विश्वशास्त्राचा मोठ्या उत्साहाने आढावा घेतला. विश्वाला काळात आरंभ आहे, हे विज्ञानाने ठामपणे दाखवले आहे. म्हणून निर्मिती झाली, म्हणून निर्माता आहे, असा त्या भाषणाचा रोख होता. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. महास्फोटाचा खंदा पुरस्कर्ता जॉर्ज गॅमॉव्ह खट्याळ माणूस. त्याने पुढच्या वर्षीच्या आपल्या एका शोधनिबंधात पोपच्या भाषणातला उताराच दिला.

लमेत्र या भाषणाने अस्वस्थ झाले. त्यांचा सिद्धांत तेव्हा एक गृहीतक होता, त्याला प्रतिस्पर्धी सिद्धांत होता, आणि तो उद्या चुकीचा ठरला तर पोपच्या तोंडून निघालेल्या ‘म्हणून निर्माता आहे’ या वाक्याचे काय करायचे? सप्टेंबर १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन रोममध्ये भरायचे होते आणि तिथे पोप पुन्हा बोलणार होते. लमेत्र रोममध्ये थांबून व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक डॅनिअल ओकॉनेल यांच्याशी बोलले. अधिवेशनापुढे पोप बोलले तेव्हा आरंभावरून निर्मात्याकडे जाणारे ते अनुमान त्यांनी पुन्हा मांडले नाही.

त्याच अधिवेशनात वॉल्टर बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे मोजण्याच्या पट्टीत चूक असल्याचे जाहीर केले. अंतरे दुप्पट झाली, त्याबरोबर विश्वाचे वयही दुप्पट झाले. त्याआधी हबलच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे येत होते, आणि पृथ्वीवरचे काही खडक त्याहून जुने निघत होते. म्हणजे नातू आजोबापेक्षा मोठा. विज्ञानात आकडे असे बदलतात. आज विश्वप्रसरणाचा आरंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. अक्वायनसची सूचना लमेत्र यांना आठवली होती की नाही कोण जाणे, पण तिचे इतके नेमके पालन दुसऱ्या कोणी केलेले मला माहीत नाही.

प्रतिस्पर्धी सिद्धांत होता तो फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांचा, १९४८ चा: विश्व प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत अत्यल्प प्रमाणात नवे द्रव्य निर्माण होत राहते, म्हणून विश्व कायम सारखेच दिसते. त्याला आरंभ नाही. महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नाव हॉईलनेच १९४९ च्या बीबीसीवरच्या एका भाषणात दिले. हॉईलला धर्माचे वावडे होते आणि आरंभाच्या कल्पनेला त्याचा विरोध काही अंशी त्यातून आला, असे त्याचे टीकाकार म्हणत. १९६५ मध्ये पेंझियास आणि विल्सन यांना सर्व दिशांनी सारखे येणारे सूक्ष्मतरंगी प्रारण सापडल्याचे जाहीर झाले. तापलेल्या, दाटलेल्या बालविश्वाची ही ऊब आज निरपेक्ष शून्याच्या वर २.७ अंशांवर आली आहे. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांसाठी वाद तिथे संपला. लमेत्र यांना ही बातमी १९६६ मध्ये मृत्यूच्या थोडे आधी कळली.

हॉईलचे विद्यार्थी आणि सहकारी जयंत नारळीकर यांच्यासाठी तो संपला नाही. कोल्हापूरला जन्मलेल्या, केंब्रिजला शिकलेल्या आणि पुण्यात ‘आयुका’ ही खगोलसंशोधन संस्था उभी करणाऱ्या नारळीकरांनी १९९३ मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर आरंभ नसलेल्या विश्वाच्या त्या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तिच्यात विश्व आकुंचन-प्रसरणाची आवर्तने घेत अनादी काळापासून चालले आहे. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पण नारळीकरांच्या आक्षेपाचा गाभा लक्षात घेण्याजोगा आहे. ज्या क्षणी घनता अनंत होते आणि भौतिकशास्त्राचे नियमच लागू पडत नाहीत, त्या क्षणाला भौतिकशास्त्राने ‘घटना’ कसे म्हणायचे? हा आक्षेप धर्माविरुद्धचा नव्हे. लमेत्र यांच्या पडद्यापासून तो वाटतो तेवढा दूरही नाही.

आता क्रेग यांच्या दुसऱ्या वाक्याकडे येऊ. त्याला ते दोन प्रकारचे आधार देतात. एक तत्त्वज्ञानाचा: प्रत्यक्ष अनंत असंभव आहे. फिलोपोनसच्या ग्रहांच्या जागी आता गणिती हिल्बर्टचे हॉटेल येते. त्यात अनंत खोल्या आहेत आणि सगळ्या भरलेल्या आहेत. तरी प्रत्येक पाहुण्याला पुढच्या खोलीत सरकवले की नव्या पाहुण्याला जागा होते. क्रेग म्हणतात, असले हॉटेल प्रत्यक्षात असणे शक्य आहे का? पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेऑर्ग कँटरने अनंत संचांचे गणित उभे केल्यापासून हे चमत्कारिक वाटणे आणि विसंगत असणे यांतला फरक स्पष्ट झाला आहे. अनंतात काही मिळवले तरी ते तेवढेच राहते, हा विरोधाभास नसून अनंत संचांचा गुणधर्मच आहे. इथे मला क्रेग यांची बाजू लंगडी वाटते. आपल्याला विचित्र वाटले म्हणून निसर्गाला मनाई करता येत नाही.

दुसरा आधार भौतिकशास्त्राचा, आणि त्यातले हुकमाचे पान म्हणजे २००३ मध्ये अरविंद बोर्डे, ॲलन गूथ आणि अलेक्झांडर व्हिलेंकिन यांनी मांडलेले प्रमेय. जे विश्व आपल्या इतिहासात सरासरीने प्रसरण पावत आले आहे, त्याचे ते प्रसरण भूतकाळात अनंतापर्यंत मागे नेता येत नाही, असे ते सांगते. याचा अर्थ काळाला आरंभ आहे असा होतो का? फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स इथे क्रेग आणि भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरोल यांची जाहीर वादसभा झाली. क्रेग यांनी प्रमेयाचा दाखला दिला. कॅरोल यांनी पडद्यावर खुद्द गूथ यांचे छायाचित्र दाखवले. हातात धरलेल्या कागदावर त्यांनी लिहिले होते की विश्वाला आरंभ होता की नाही हे मला माहीत नाही, आणि माझा अंदाज तो नव्हता असा आहे. गंमत अशी की दुसरे लेखक व्हिलेंकिन यांना आरंभ होता असेच वाटते. पण त्यासाठी ईश्वर लागत नाही, विश्व पुंजयामिकीच्या नियमांनी ‘शून्यातून’ उद्भवू शकते, असे त्यांचे मत आहे. एकच प्रमेय आणि त्याच्या दोन जनकांची दोन मते. प्रमेयाला ‘सरासरी प्रसरण’ ही अट आहे. आधी आकुंचन झाले असेल, किंवा भौतिकशास्त्रज्ञ पेनरोज सुचवतात तशी विश्वयुगांची साखळी असेल, तर वाद पुन्हा मोकळा होतो. गुरुत्वाकर्षण आणि पुंजयामिकी यांना एकत्र बांधणारा सर्वमान्य सिद्धांत हाती येत नाही तोवर तो मोकळाच राहणार.

पहिल्या वाक्यावरच्या हल्ल्यांत मात्र नास्तिकांची बाजू बऱ्याचदा ढिली असते. पोकळीत कण विनाकारण उत्पन्न होतात, म्हणून विश्वही विनाकारण होऊ शकते, असे भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स क्रॉस यांनी २०१२ मधल्या आपल्या पुस्तकात मोठ्या थाटात मांडले. तत्त्वज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी त्याच वर्षी परीक्षणात ते उघडे पाडले: पुंज-पोकळी ही क्षेत्रांची एक अवस्था आहे, तिला नियम आहेत, ऊर्जा आहे. तिला ‘काहीच नाही’ म्हणणे ही हातचलाखी झाली. हाच प्रश्न थोड्या सौम्य स्वरात व्हिलेंकिन यांच्या ‘शून्या’लाही विचारता येतो: ते नियम कुठे होते?

क्रेग यांना सर्वांत महाग पडणारी गोष्ट वेगळीच आहे आणि वादसभांत तिची चर्चा फारशी होत नाही. ‘आरंभ होणे’ याला अर्थ यायचा असेल तर काळ खरोखर पुढे सरकत असला पाहिजे. भूतकाळ गेलेला, भविष्यकाळ न आलेला, फक्त वर्तमान खरा. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा रूढ अर्थ तसे म्हणत नाही. त्यात सगळ्या विश्वासाठी एकच ‘आत्ता’ नसतो. भूत-भविष्यासह सगळा काळ नकाशासारखा एकत्र मांडलेला असतो. नकाशाला काठ असला म्हणून नकाशा त्या काठापाशी ‘उत्पन्न झाला’ असे आपण म्हणत नाही. क्रेग प्रामाणिक आहेत. आपला युक्तिवाद सरकत्या काळावर उभा आहे हे ते कबूल करतात, आणि तो वाचवण्यासाठी त्यांनी सापेक्षतेचा बहुसंख्य भौतिकशास्त्रज्ञांना न पटणारा, सगळ्या विश्वासाठी एकच ‘आत्ता’ मानणारा, भौतिकशास्त्रज्ञ लोरेंट्झच्या वळणाचा अर्थ पत्करला आहे. तीन सोप्या वाक्यांसाठी ही मोठी किंमत आहे. अक्वायनस आणि लायब्निझ यांच्या मार्गाला ती मोजावी लागत नाही. सगळा नकाशा एकत्र मांडलेला असला तरी ‘हा नकाशा का आहे’ हे विचारता येतेच. बर्ट्रंड रसेलने १९४८ मध्ये बीबीसीवर जेझुइट तत्त्वज्ञ फ्रेडरिक कोपलस्टन यांना दिलेले उत्तर, की विश्व आहे, एवढेच, त्यापुढे विचारण्यासारखे काही नाही, हे त्या प्रश्नाला दिलेले उत्तर होते. ते पटो न पटो, तिथे कोणत्याही दुर्बिणीच्या आकड्याने निकाल लागत नाही. ईश्वराच्या बाजूने बोलायचे तर बोलायची जागा तीच आहे, असे माझे मत आहे.

आणि समजा, तिन्ही वाक्ये मान्य केली. कारण काळाबाहेरचे, अतिशय सामर्थ्यवान आणि इच्छा असलेले आहे, हा गझालीचा खजूरही मान्य केला. याच युक्तिवादाने फिलोपोनस त्रैक्याच्या ईश्वराकडे गेला, सादिया इस्राएलच्या ईश्वराकडे आणि गझाली अल्लाहकडे. त्यातून तिघांपैकी कोणाचाही धर्म सिद्ध होत नाही. क्रेग यांना हे पूर्ण ठाऊक आहे. म्हणूनच त्यांच्या धर्मसमर्थनाच्या मांडणीत विश्वाच्या आरंभानंतर येशूच्या पुनरुत्थानाचा विषय येतो आणि तिथे वाद समीकरणांचा न राहता पहिल्या शतकातल्या कागदपत्रांचा होतो. म्युनिकची आपली दुसरी डॉक्टरेट त्यांनी त्याच विषयावर केली.